चिखलाचा करडा रंग जसाच्या तसा देणारी राजारामपुरीतील प्रिंट लॅब

पश्चिम बंगालमध्ये हुगळी नदीच्या मुखाशी असलेल्या घोडामारा बेटावर मी काढलेल्या छायाचित्रांचे मोठे प्रिंट या लॅबने करून दिले आणि इतके जाणते काम आपल्या कोल्हापुरात होते, याचा मला मनापासून अभिमान वाटला.

काकद्वीपच्या धक्क्यावरून होडीने गाठावे लागणारे हे बेट भरती-ओहोटीचे प्रवाह, वाढती समुद्रपातळी आणि वादळे यांमुळे कडेकडेने ढासळत आहे. गेल्या पन्नासेक वर्षांत त्याची निम्म्याच्या आसपास जमीन गेली, शेजारचे लोहाचरा त्याआधीच बुडाले आणि मे 2021 मधील यास चक्रीवादळात खारे पाणी बांध ओलांडून घरांत आणि पानमळ्यांत शिरले. मी मात्र तिथला रोजचा दिवस टिपला आहे: विड्याच्या पानांची चळत लावणारी घरे, कमरेएवढ्या पाण्यात जाळे ओढून कोळंबीची पिल्ले धरणाऱ्या बायका, बांधाला सायकल टेकवून होडीची वाट पाहणारी माणसे. अशा चित्रांत चिखल, पाणी आणि ढगाळ आभाळ यांच्या करड्या छटांत फरक अगदी थोडा असतो आणि चित्राचा सगळा जीव त्या थोड्या फरकातच असतो.

पूर्वी दुसरीकडे काढलेल्या प्रिंटमध्ये ऑटो करेक्शनमुळे आभाळ निळे आणि चिखल तांबूस झाला होता. इथल्या ऑपरेटरांनी रंग तपासण्यासाठी आधी नमुन्याच्या लहान पट्ट्या काढल्या. झोपडीसमोरचे अंगण सारवणारी एक बाई आणि तिच्यामागे चार पावलांवर बांधाची तुटकी कड, असा एक फोटो आहे, त्याच्या पट्ट्या त्यांनी ट्यूबलाइटखाली न पाहता दारातल्या उजेडात नेल्या आणि म्हणाले, “ताई, हा चिखल असाच ठेवू या न्हवं? उजळला तर जमीन कुठं संपली ते कळणार न्हाई.” दिवसभर लग्नाचे अल्बम छापणाऱ्या माणसाची ही नजर मला फार मोलाची वाटली. मोठ्या प्रिंटमध्ये ओल्या सारवणावरचे बोटांचे अर्धगोलही स्पष्ट उमटले आहेत.

कॉटनच्या मॅट कागदावर ग्लॉसीइतका गडद काळा मिळत नाही, त्यामुळे पानमळ्याच्या आतील सावली किंचित फिकी आली. तेवढे प्रिंट लस्टर, म्हणजे किंचित चकाकीच्या, कागदावर घ्यायला हवे होते, असे माझे मत आहे. दरही साध्या प्रिंटच्या मानाने बरेच जास्त आहेत, पण पट्ट्यांचे वेगळे पैसे घेतले नाहीत. गुंडाळी फार घट्ट केल्यामुळे कागदाला बाक येतो, म्हणून प्रिंट सपाट पुठ्ठ्यात बांधून मागावेत. शाहू स्मारकच्या कलादालनात प्रदर्शन लावण्याचा विचार असलेल्यांनी लग्नसराई सुरू होण्यापूर्वीच फाइल्स द्याव्यात, कारण त्या दिवसांत अल्बमच्या कामापुढे इतर कामे मागे पडतात.