फुकट चिप्सचं पोकर ॲप, विकतच्या नोंदी: काही महिने वापरल्यावर

परवाच्या अपडेटमध्ये समोरच्या खेळाडूंवर लिहून ठेवलेल्या माझ्या सगळ्या नोंदी पुसल्या गेल्या. नावांवरचे रंग तेवढे शिल्लक आहेत. लाल कोणाला आणि का दिला होता, हे आता आठवायचं मी. तक्रार चालू आहे म्हणून ॲपचं नाव देत नाही, वापरणारे ओळखतीलच.

पैसे लावता का, असं विचारू नका. गुजरात हायकोर्टाने २०१७ मध्येच पोकर जुगारात धरला, आणि ऑगस्ट २०२५ च्या केंद्राच्या कायद्यानंतर देशातल्या कंपन्यांनी पैशांची टेबलं बंद केली. आपल्या चिप्स फुकटच्या. मग प्रो, म्हणजे ॲपची विकतची आवृत्ती, कशाला? फक्त नोंदींसाठी. वर्षाचं एकदम भरलं तर दोन महिन्यांचे पैसे वाचत होते, तेव्हा वर्षाचं भरलं.

आता नोंदींची मर्यादा बघा: ३५ अक्षरं. इंग्रजीत लिहिणाऱ्याला पुरत असतील. मराठीत हे ॲप काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळं वेगळं मोजतं. ‘नव्वी’ म्हणजे पाच! एका गड्यावर मी लिहिलं, ‘नव्वीची जोडीही सोडत नाही, ब्लफ करू नको’. सेव्ह झालं ते ‘नव्वीची जोडीही सोडत नाही, ब्लफ करू’ इतकंच. ऐन रिव्हरला, म्हणजे टेबलावरचा शेवटचा पत्ता उघडल्यावर, नोंद उघडावी आणि तिने हा सल्ला द्यावा! पैसे घेऊन.

तो गडी मात्र खरंच तसा होता. माझ्याकडे एक्का-राणी, फ्लॉपवर, म्हणजे टेबलावर उघडणाऱ्या पहिल्या तीन पत्त्यांत, राणी, नव्वी, दुर्री. मी चिप्स लावत गेलो, तो तेवढ्याच लावून येत गेला. रिव्हरला पॉट, म्हणजे मधे जमलेल्या चिप्स, बाराशेचा. पुस्तकी हिशेबाने इथे पाच-सहाशे लावायचे, म्हणजे कमकुवत हातही येतो. मी पूर्ण बाराशे लावले. पॉटएवढी बेट कॉल करायची, म्हणजे तेवढेच लावून यायचं, तर तीनातून एकदा तरी बरोबर असावं लागतं. अर्ध्या पॉटच्या बेटला चारातून एकदा पुरतं. पण हा हिशेब समोरचा करत असेल तर ना. त्याने नव्वीच्या जोडीवर बाराशे टाकले. जो सहाशेलाही येतो आणि बाराशेलाही येतो, त्याच्याकडून सहाशेच का घ्यायचे?

संध्याकाळच्या टेबलावर बहुतेक मंडळी अशीच, आणि त्याचं मूळ तीन पत्तीत आहे, असं माझं ठाम मत. आमच्या बडोद्यात सातम-आठमला, म्हणजे जन्माष्टमीच्या दिवसांत, घराघरांत पत्ते बसतात, आमचे साडूही बसतात. एकदा चाल टाकली की पैसे देऊन शो मागायचा, पण समोरच्याचे पत्ते बघितल्याशिवाय उठायचं नाही. तीच खोड पोकरमध्ये येते. चॅटमध्येसुद्धा ‘बताव, बताव’, म्हणजे दाखव, दाखव. यांच्यासमोर ब्लफ म्हणजे चिप्सचं दान. अर्ध्या पॉटचा ब्लफ तीनातून एकदा चालला, म्हणजे समोरचा पळाला, तरी बरोबरी होते, पण इथे तेवढाही चालत नाही. आणि हाच नुसता कॉल करत बसणारा माणूस रिव्हरला अचानक रेज करतो, म्हणजे बेट वाढवतो, तेव्हा त्याच्याकडे मोठा हात असतोच. आपल्याकडे दोन जोड्या असल्या तरी निमूट पत्ते टाकून द्या.

सकाळची गर्दी वेगळी. रोजचा बोनस पडला की हातातले दोन पत्तेही न बघता ऑल-इन, म्हणजे सगळ्या चिप्स एकदम. त्यांच्याशी डोकं लावू नये, थांबावं. गुलामांची जोडी कोणत्याही दोन पत्त्यांसमोर शंभरातून साधारण सत्याहत्तर वेळा जिंकते, आणि हे लोक अक्षरशः कोणतेही दोन घेऊन येतात. फ्लॉपला जोडी लागली नाही की लगेच पळणारेही असतात. जोडी नसलेले दोन पत्ते फ्लॉपला तीनातून दोनदा चुकतातच, त्यामुळे तिथे पॉटच्या तिसऱ्या हिश्श्याची छोटी बेट फार. चारातून एकदा पळाले तरी वसूल, आणि हे त्याहून कितीतरी जास्त पळतात.

कस्टमर केअरचं ऐका. ‘पुसल्या गेलेल्या नोंदींचा स्क्रीनशॉट पाठवा.’ अहो, पुसल्या गेल्यात! मी कोऱ्या चौकटीचा स्क्रीनशॉट पाठवला. उत्तर आलं, नोंद रिकामी दिसते आहे, कृपया पुन्हा लिहा. त्यावर मी अर्धे पैसे परत मागितले, तर तिकीट ‘सोडवले’ म्हणून बंद.

इथवर एक तारा लिहून ठेवला होता. मग नोंदींशिवाय खेळत राहिलो, आणि चिप्स कमी झाल्या नाहीत. नाव ओळखीचं नसलं तरी संध्याकाळचा माणूस आहे एवढ्यावर पहिला अंदाज बांधता येतो: ब्लफ नाही, चांगल्या हातावर मोठी बेट. दोन-चार डाव बघून तो बदलायचा. नोंद खरी लागते ती या साच्यात न बसणाऱ्यांसाठी, आणि असे थोडे. म्हणजे फुकट आवृत्ती चांगली आहे, टेबलं पटापट मिळतात, जाहिराती सोसवतात. तिला मी चार तारे देईन. पण पैसे मी प्रोचे भरलेत, तेव्हा दोनच.

नोंदी हव्यातच तर वही ठेवा, तिथे वेलांटी फुकट आहे. तरी प्रो घ्यायचंच असेल तर महिन्याचं घ्या आणि यूपीआयचं ऑटोपे त्याच दिवशी बंद करा. ते बटण सेटिंग्जमध्ये नाही, ‘माझं खातं’च्या अगदी तळाशी, नियम-अटींच्या खाली दडवलंय.