बाबांची स्लीप स्टडी केली, आमचा अनुभव

बाबांचा रात्री घोरता घोरता मधेच श्वास थांबायचा, आई घाबरून हलवून उठवायची, आणि दिवसा पेपर वाचतानाही त्यांना डुलक्या यायच्या. आधीच्या डॉक्टरांनी नुसत्या झोपेच्या गोळ्या दिल्या, त्यात वर्ष गेलं, अजून वाईट वाटतं. शेवटी पुण्यातल्या एका स्लीप लॅबमध्ये रात्रभराची टेस्ट केली, डोक्याला छातीला वायरी, बोटाला ऑक्सिजनची क्लिप, पण टेक्निशियन ताईंनी इतकं नीट समजावलं की बाबा झोपले बिनघोर. तासाला ४२ वेळा श्वास अडकतो असं निघालं, ३० च्या वर म्हणजे सिव्हिअर स्लीप ॲप्निया. रिपोर्टला आठ दिवस लावले ते खटकलं. मग सीपॅप, म्हणजे झोपेत मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन, सुरू केलं. त्याचा पहिला मास्क नाकावर रुतायचा, तो दोनदा बदलून दिला, कुरकुर न करता. आता आईपण रात्रभर झोपते.