बिलं अडकतात ते टेबल आतून बघितलं: बेंगळुरूतल्या उन्हाळी इंटर्नशिपचा वापरानंतरचा अनुभव

आधी निकाल सांगते, तपशील मागून. बेळगावातल्या कॉमर्स किंवा एमबीए करणाऱ्या मुलामुलींनी मोठ्या शहरातल्या मोठ्या कंपनीत उन्हाळी इंटर्नशिप करावी का? जरूर करावी. पण हातात नेमकं काय काम देणार, हे जायच्या आधी विचारून घ्यावं, शक्य तर ई-मेलवर. सर्टिफिकेटसाठी मात्र जाऊ नये. माझं सर्टिफिकेट फाइलमध्ये आहे आणि कॉलेज सोडून अजून कुणी ते बघायला मागितलेलं नाही. ज्या गोष्टीचा खरा उपयोग झाला ती घरी आल्यावर, काही महिने वापरून झाल्यावर कळली. म्हणून जूनमध्ये परतल्या परतल्या न लिहिता आता लिहितेय.

मी बेळगावातल्या वडगावची. आमच्या गल्लीत अजूनही मागांचा आवाज येतो, पण आमच्या घरातले माग केव्हाच बंद झाले. काकांचं उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत छोटं मशीन शॉप आहे. कोल्हापूरकडच्या फौंड्रीतून कास्टिंग म्हणजे ओतीव भाग आणायचं, त्यावर मशिनिंग करून मोठ्या कंपन्यांना पार्ट पुरवायचे, हा धंदा. लहानपणापासून घरात जेवताना एक वाक्य ऐकत आलेय : "बिल दिऊन तीन महिने झाले, पैसे कुठं आलेत?" पैसे का येत नाहीत, याचं उत्तर घरात कुणाकडेच नव्हतं. "मोठी माणसं, देतील तेव्हा देतील," एवढंच.

२०२५ च्या उन्हाळ्यात मला दोन महिन्यांची इंटर्नशिप मिळाली ती बेंगळुरूच्या व्हाइटफील्डमधल्या एका मोठ्या कंपनीच्या फायनान्स ऑफिसात, आणि तीही नेमकी पुरवठादारांची बिलं चुकती करणाऱ्या टीममध्ये. हा योगायोग. पण एवढा उपयोगी योगायोग माझ्या वाट्याला याआधी आलेला नव्हता.

पहिले काही दिवस ओळखपत्र, लॅपटॉप, पासवर्ड आणि ट्रेनिंगचे व्हिडिओ यांत गेले. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. गुप्ततेच्या करारावर सही घेतात, त्यामुळे कंपनीचे आकडे मी इथे देणार नाही. पण कामाची पद्धत सगळीकडे सारखीच असते, ती सांगते.

मोठ्या कंपनीत बिल आलं म्हणून पैसे निघत नाहीत. तीन कागद एकमेकांशी जुळावे लागतात : कंपनीने दिलेली पर्चेस ऑर्डर, माल गेटवर उतरल्यावर स्टोअरने केलेली जीआरएन म्हणजे माल मिळाल्याची नोंद, आणि तुमचं बिल. तिन्हींतला नग, दर आणि माल जुळला की सिस्टीम पैसे सोडते. एक जरी जुळला नाही तर बिल ब्लॉक होतं. स्क्रीनवर एक छोटी खूण उमटते आणि बिल तिथेच थांबतं. माझं काम होतं ही थांबलेली बिलं उघडून कारण शोधायचं, कारणांचे गट पाडायचे आणि कुठला गट कुणी सोडवायचा हे एक्सेलमध्ये मांडायचं.

एक बिल मला आजही डोळ्यांसमोर दिसतं. एका लहान गावातल्या कारखान्याचं, कास्टिंगचं. ऑर्डरमध्ये माल नगांत मागवलेला, बिलात किलोत लावलेला. एकूण रक्कम रुपयाला रुपया बरोबर. माल आलेला, तपासलेला, लाइनवर वापरूनही झालेला. पण सिस्टीमला नग आणि किलो जुळवता येत नव्हते, म्हणून बिल कित्येक आठवडे तसंच. त्या कारखानदाराला कुणी फोन केला नव्हता, कारण फोन करणं हे त्या टेबलावरच्या कुणाचंच काम नव्हतं. पोर्टलवर नुसतं 'प्रक्रियेत' असं दिसत होतं. तो बिचारा घरी काय बोलत असेल, हे मला न बघता माहीत होतं.

ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. बाहेरून आपल्याला वाटतं की मुद्दाम पैसे अडवलेत. काही ठिकाणी अडवतातही, ते मी नाकारत नाही. पण मी उघडलेल्या बिलांतली बहुतेक कुणाच्याच मनात नसताना अडकलेली होती. ऑर्डर नंबर लिहिलेला नाही, एचएसएन कोड (जीएसटीसाठी मालाच्या प्रकाराचा क्रमांक) वेगळा, बँक खातं बदललं पण कळवलं नाही, गेटवर माल उतरला पण जीआरएन राहून गेली. यातल्या शेवटच्या कारणात दोष कंपनीचाच. बाकीची कारणं बिल बनवतानाच मिटवता येतात.

दुसरं मोठं कारण जीएसटीचं, आणि ते आपल्याकडच्या लहान धंदेवाल्यांनी नीट वाचावं. मोठी कंपनी तुमच्या बिलावरच्या जीएसटीचं क्रेडिट घेते, म्हणजे तेवढी रक्कम स्वतःच्या करातून वजा करते. ते तिला तेव्हाच मिळतं, जेव्हा तुमचं बिल तिच्या २बी या स्टेटमेंटमध्ये, म्हणजे पुरवठादारांनी भरलेल्या बिलांच्या यादीत, दिसतं. २बी दर महिन्याच्या १४ तारखेला तयार होतं. तुम्ही दरमहा जीएसटीआर-१ (विक्रीच्या बिलांचं रिटर्न) भरत असाल तर ११ तारखेपर्यंत भरलं की झालं. पण ५ कोटींपर्यंत उलाढाल असलेले बरेच जण तिमाही योजनेत असतात. तिमाही म्हणजे तीन महिन्यांनी एकदाच सगळं, असं समजून ते गप्प बसतात आणि तोवर त्यांची बिलं समोरच्याच्या २बीत दिसतच नाहीत. मग कंपनी जीएसटीची रक्कम मागे ठेवते, काही वेळा आख्खं बिलच. यावर सोय आहे : तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांची बिलं पुढच्या महिन्याच्या १३ तारखेपर्यंत आयएफएफ नावाच्या सुविधेतून वर चढवता येतात. ती मिनिटांत होते, पण माहीत असावी लागते. आमच्या काकांना माहीत नव्हती, आणि त्यांचे रिटर्न भरणाऱ्यानेही कधी सांगितलं नव्हतं.

मला मार्गदर्शन करणाऱ्या मॅडम तमिळनाडूच्या. ऑफिसात सगळे सगळ्यांना नावानेच हाक मारतात. पन्नाशीच्या बाईंना नुसतं नावाने हाक मारायला माझी जीभ शेवटपर्यंत वळली नाही, मी मॅडमच म्हणत राहिले आणि त्यांनीही ते चालवून घेतलं. त्यांनी एक शिस्त लावली : प्रत्येक थांबलेल्या बिलासमोर दोन रकाने. 'का थांबलं' आणि 'आता कुणाच्या हातात आहे'. दुसरा रकाना रिकामा ठेवलेला त्यांना चालायचा नाही. "टीमच्या हातात" असं लिहिलं तरी परत पाठवायच्या, नाव लिही म्हणायच्या. एक्सेलमधलं एक्सलूकअप आणि पिव्होट टेबल कुठल्याही क्लासला शिकता येईल. हा दुसरा रकाना मला तिथेच मिळाला.

आता घरी आल्यानंतरचं. जुलैपासून काकांची बिलं मी बघते. पहिलं काम केलं ते ऑर्डर आणि बिल शेजारी ठेवून वाचण्याचं. ऑर्डरमध्ये नग असेल तर बिलात नगच, वजन हवं तर खाली वेगळ्या ओळीत. ऑर्डर नंबर आणि ऑर्डरमधला ओळ क्रमांक दोन्ही बिलावर. उद्यम नोंदणीचा (लहान उद्योग म्हणून सरकारकडे केलेल्या नोंदणीचा) क्रमांकही बिलावर छापून घेतला, आणि याचं कारण थोडं सविस्तर सांगण्यासारखं आहे. २००६ च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे माल स्वीकारल्यापासून, लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात. करार नसेल तर १५ दिवसांत. आणि माल मिळाल्यापासून १५ दिवसांत समोरच्याने लेखी हरकत घेतली नाही, तर तो माल स्वीकारला असंच धरलं जातं. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. शिवाय २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकरातही तरतूद आली : मुदतीनंतर दिलेली रक्कम प्रत्यक्ष पैसे दिले त्याच वर्षीचा खर्च धरली जाते. त्यामुळे मार्च जवळ आला की मोठ्या कंपन्यांतले लोक स्वतःहून यादी काढतात की आपल्या पुरवठादारांत सूक्ष्म-लघु कोण. त्या यादीत आपलं नाव यायचं तर आपण तसे आहोत हे त्यांना आधी कळायला हवं. काकांची नोंदणी जुनीच होती, फक्त कुणाला कळवलेली नव्हती.

काकांच्या खरेदीकडेही लक्ष घातलं. सीमेवर धंदा करणाऱ्याला दोन्ही तऱ्हेचा कर रोज लागतो. कोल्हापूरच्या फौंड्रीचा जीएसटी क्रमांक २७ ने सुरू होतो, आमचा २९ ने, म्हणून त्या बिलावर आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा जीएसटी. उद्यमबागमधल्याच शेजाऱ्याकडून माल घेतला तर सीजीएसटी आणि एसजीएसटी, म्हणजे केंद्राचा आणि राज्याचा वेगवेगळा. निपाणीपुढे कोगनोळीचा टोलनाका ओलांडला की राज्य बदलतं आणि बिलाचा रकानाही. इथल्या दुकानदारांना हे तोंडपाठ असतं, पण आलेलं प्रत्येक बिल २बीशी ताडून बघणारे थोडेच. मी १४ तारखेनंतर बसते, न दिसणारी बिलं बाजूला काढते आणि फौंड्रीच्या ऑफिसला फोन करते.

फरक पडला का? पडला. सगळे पैसे वेळेवर येतात असं अजिबात नाही. एक गिऱ्हाईक सगळे कागद चोख असूनही लांबवतंच. पण आता काका "देतील तेव्हा देतील" म्हणत नाहीत. बिल कुठल्या टप्प्यावर आणि कुणाच्या हातात आहे, हे विचारतात, आणि तसं विचारल्यावर पलीकडच्या माणसाला उत्तर द्यावं लागतं. इंटर्नशिपचं मोल मी यावरून करते.

आता खर्चाचं. मला स्टायपेंड महिना १५,००० होता. हुडी मेट्रो स्टेशनजवळ पीजीत तिघींच्या खोलीत जेवणासह साडेनऊ हजार जायचे. सोडताना डिपॉझिटमधून दीड हजार 'मेंटेनन्स' म्हणून कापले, आधी त्याचा शब्दही काढला नव्हता. राहायला जायच्या दिवशीच किती आणि कशाचे कापणार हे लिहून घ्या. मेट्रोचं भाडं फेब्रुवारी २०२५ मध्ये वाढून १० ते ९० रुपये झालं. स्मार्ट कार्डावर थोडी सूट मिळते, पहिल्या दिवशीच कार्ड काढा. मुलींसाठी मोठा आधार शक्ती योजनेचा. कर्नाटकातला पत्ता असलेलं ओळखपत्र दाखवलं की बीएमटीसीच्या, म्हणजे बेंगळुरूतल्या साध्या शहर बसमध्ये शून्य रकमेचं तिकीट, आणि बेळगाव-बेंगळुरू लाल गाडीतही तसंच. एसी आणि स्लीपरला ही सोय नाही. लाल गाडीत रात्रभर बसून पाठ धरते, पण महिन्याच्या हिशेबात तो वाचलेला पैसा दिसतो. माझ्या खोलीतली कोल्हापूरची मैत्रीण प्रत्येक फेरीला पूर्ण तिकीट काढायची. मी परतल्यावर ऑगस्टमध्ये वंदे भारत सुरू झाली. पहाटे बेळगावहून निघते आणि दुपारी बेंगळुरूत पोचवते. तिकीट महाग आहे, पण पहिल्यांदा सामान घेऊन आई-वडिलांसोबत जाणाऱ्यांनी विचार करायला हरकत नाही.

जेवणात रोज भात आणि सांबार. भाकरीची आठवण झाली की उत्तर कर्नाटकी खानावळ शोधायची, तिथे ज्वारीची भाकरी आणि एण्णेगाई (भरलं वांगं) मिळतं. रविवारी आम्ही तिघी तेवढ्यासाठी बाहेर पडायचो.

मला न आवडलेली गोष्ट म्हणजे शेवटच्या आठवड्यातलं प्रेझेंटेशन. महिनाभर केलेलं खरं काम बाजूला राहतं आणि स्लाइडच्या रंगांवर चर्चा होते. दुसऱ्या एका कंपनीत गेलेल्या माझ्या वर्गमैत्रिणीला तर दोन्ही महिने निव्वळ स्लाइडच करायला लावल्या. हुशार मुलगी, तिचा उन्हाळा वाया गेल्याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून सुरुवातीला म्हटलं, काम विचारून घ्या. रोज कुठली फाइल किंवा सिस्टीम हाताळायची, शिकवणारं माणूस कोण, आणि मी केलेलं काम शेवटी कोण वापरणार, एवढं विचारलं तरी समोरच्याच्या उत्तरावरून कळतं. गोलमोल उत्तर आलं तर दुसरीकडे बघा.

राहिला पुणे की बेंगळुरू हा प्रश्न, जो आमच्याकडे प्रत्येक घरात निघतो. पुणं जवळ, नातेवाईक तिथे, भाषा आपली. माझ्या घरीही सगळ्यांचं मत पुण्याच्या बाजूने होतं, आणि सीमाभागात वाढलेल्या मराठी मुलीला बेंगळुरूला पाठवताना घरच्यांच्या मनात काय येतं ते मला ठाऊक आहे. माझा अनुभव सांगते : शाळेत शिकलेलं कन्नड तिथे रोज कामाला आलं. बसचे कंडक्टर, ऑफिसचे सिक्युरिटीवाले अण्णा, कँटीनमधल्या अक्का, सगळ्यांशी दोन वाक्यं बोलता आली की शहर एकदम सोपं होतं. माझ्या बोलण्यावरून उत्तर कर्नाटकातली हे लगेच ओळखायचे आणि जास्तच आपुलकीने वागायचे. घरी मराठी बोलतो म्हटल्यावर कुणी तोंड वाकडं केलं नाही. ज्यांचं कन्नड अगदीच कच्चं आहे आणि पहिल्यांदाच घर सोडणार आहेत, त्यांनी पुण्यात काम चांगलं मिळत असेल तर पुणं घ्यावं. बाकीच्यांनी शहर बघून ठरवू नये, हातात येणारं काम बघून ठरवावं. आणि अर्ज जानेवारीतच पाठवायला लागा. एप्रिल उजाडेपर्यंत चांगल्या जागा भरलेल्या असतात आणि कॉलेजचं एनओसी मिळायलाही वेळ जातो.