रुद्रपूरहून ४७ नग निघाले, लातूरला ४१ आले

परीक्षा संपल्या की बदल्यांच्या ऑर्डरी निघतात आणि बरीच घरं हलतात. ज्यांचं बिऱ्हाड परराज्यातून आपल्याकडे यायचं आहे त्यांनी सामान बांधायच्या आधी हे वाचावं. आम्हाला यातलं एकेक कळत गेलं ते सामान दारातून गेल्यावर, आणि तेव्हा हातात काहीच उरलेलं नव्हतं.

आमचे हे वाळूजच्या कारखान्यात होते. उत्तराखंडात पंतनगरला सिडकुलची (म्हणजे तिथल्या सरकारी औद्योगिक महामंडळाची) वसाहत झाली तेव्हा इकडची बरीच मराठी कुटुंबं तिकडे गेली, त्यात २००७ साली आम्हीही गेलो. रुद्रपूरला सतरा वर्षं राहिलो. माणसं चांगली होती, लेकीचं शिक्षण तिथंच झालं. पण तराईतला, म्हणजे डोंगराच्या पायथ्याच्या सखल पट्ट्यातला, हिवाळा आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, सोसवेना. डोंगरातली थंडी कोरडी तरी असते. तराईत डिसेंबरच्या शेवटाला धुकं बसलं की आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. अंथरूण ओलसर लागतं, कपाटामागं बुरशी धरते, धुतलेली सुती साडी तिसऱ्या दिवशीही दमट असते. आत्याबाईंना दमा, त्यात गुडघे आखडलेले. रात्र रात्र बसून काढायच्या. शेवटी तिथल्या डॉक्टरांनीच सांगितलं की यांना उबदार, कोरड्या हवेत न्या.

३१ डिसेंबर २०२४ ला हे निवृत्त झाले आणि आम्ही लातूरला यायचं ठरवलं. भावकीत कुणी म्हणालं, अरे, लातूरला २०१६ मध्ये रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, तिकडं कशाला जाता? आत्याबाईंचं उत्तर ठरलेलं होतं : ‘पाणी कमी पिईन, पण उन्हात बसंन.’ येळवस, म्हणजे शेतातली वेळा अमावास्या, हुकलीच होती. निदान संक्रांत तरी आपल्या दारात व्हावी एवढीच त्यांची इच्छा होती.

याच घाईनं आमचा घात केला.

यांनी तीन ठिकाणी भाव विचारले. एकानं ६२,००० सांगितले, दुसऱ्यानं ६७,०००. दोघंही घरी येऊन सामान बघून गेले होते. तिसरा आलाच नाही. व्हॉट्सअपवर खोल्यांचे व्हिडिओ मागवले आणि अर्ध्या तासात ३८,००० चं कोटेशन पाठवलं, ‘सगळं धरून’. सामानाचा विमा ४,५०० वेगळा. पाच-सहा दिवसांत लातूर. कागदावर छापील शिक्का, जीएसटी नंबर, रुद्रपूरचा पत्ता, सगळं नीटनेटकं. आम्ही ५,००० टोकन पाठवलं. पैसे गेले ते फर्मच्या नावावर नव्हे, एका माणसाच्या नावावर. फोन-पेवर नाव दिसलं तेव्हा मी यांना विचारलंही होतं. हे म्हणाले, मालकाचं असेल.

९ जानेवारीला सकाळी चार पोरं आली. काम झपाझप केलं, खोटं बोलणार नाही. बबल रॅप, पुठ्ठे, चिकटपट्टी, मार्करनं प्रत्येक नगावर आकडा. एकूण ४७ नग. आमच्या लेकीनं मात्र एक केलं. हाताशी मार्कर होता म्हणून ती प्रत्येक खोक्यावर मराठीत लिहीत गेली : ‘आजीची भांडी, लातूर’, ‘देवघर, लातूर’, ‘वाकळा, लातूर’, आणि खाली आमचा मोबाईल नंबर. पोरं हसत होती. त्या अक्षरांनीच पुढं आमचं सामान सापडलं.

गाडी भरून झाली, मागचा फाळका लागला, तेव्हा त्यांच्यातल्या एकानं बिल्टी, म्हणजे माल ताब्यात घेतल्याची वाहतुकीची पावती, काढली. सामान आधी गाडीत गेलं आणि कागद नंतर हातात आला. पुढचं सगळं यात होतं. बिल्टीवर फर्मचं नाव कोटेशनपेक्षा वेगळं होतं. गाडी नंबरची जागा कोरी. नगांची यादी नाही, नुसतं ‘घरगुती सामान’. विचारलं तर म्हणाला, दिल्लीत गाडी बदलते, तिथं नंबर भरतात. सव्वाचार वाजले होते, घरमालक किल्लीसाठी उभे होते, आत्याबाई रिकाम्या खोलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर शाल गुंडाळून बसल्या होत्या आणि रात्री आमची रेल्वे होती. विम्याचे ४,५०० आणि भाड्याचे २५,००० तिथंच दिले. म्हणजे एकूण ३४,५०० गेले, ८,००० लातूरला द्यायचे राहिले.

१३ तारखेला, भोगीच्या दिवशी, फोन आला. आवाज गोड होता तो बदललेला. गाडी आरटीओनं पकडली आहे, ई-वे बिल (मालासोबत लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद) नाही म्हणून दंड लागला, वजन सांगितल्यापेक्षा जास्त भरलं, वर १८ टक्के जीएसटी आणि महाराष्ट्रात शिरायचा एंट्री टॅक्स. एकूण ३६,००० पाठवा, नाहीतर सामान गोदामात उतरवतो आणि दर दिवसाचं भाडं चढेल.

यातली एकेक गोष्ट खोटी होती आणि ती ओळखता येण्यासारखी होती. घरातलं वापरलेलं सामान न्यायला ई-वे बिल लागतच नाही, नियमातच त्याला सूट आहे. राज्याराज्यांचा एंट्री टॅक्स १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हाच गेला. जीएसटी ‘सगळं धरून’मध्ये होता. पण लातूरच्या रिकाम्या घरात सतरंजीवर बसलेल्या माणसाला हे कुठून सुचणार? आत्याबाईंच्या गरम कपड्यांपासून त्यांच्या वाफेच्या मशीनपर्यंत सगळं त्या गाडीत. नणंदबाईंच्या घरून दोन पातेली आणि शेगडी आणली होती. आत्याबाई दर तासाला विचारायच्या, ‘सामान कवा येऊलालंय गं?’ संक्रांतीच्या दिवशी यांनी घासाघीस करून १५,००० पाठवले. शेजारणी वाण लुटायला बोलवत होत्या, मी गेले नाही.

पैसे पोचले तसे उरलेले २१,००० मागायला सुरुवात झाली. एकदा पैसे दिले की मागणी थांबेल असं वाटतं, पण उलट त्यांना कळतं की हे घर घाबरलं आहे. आम्ही नाही म्हटलं. १८ तारखेपासून फोन बंद.

मग आम्ही जे आधी करायला हवं होतं ते करायला बसलो. लेकीनं जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर तो नंबर टाकला. नोंदणी रद्द झालेली, व्यवसाय कापडाचा. खरं तर पोर्टल उघडायचीही गरज नव्हती. जीएसटी नंबर पंधरा अक्षरी असतो आणि पहिले दोन आकडे राज्याचे असतात : उत्तराखंड ०५, दिल्ली ०७, महाराष्ट्र २७. आमच्या कोटेशनवर पत्ता रुद्रपूरचा आणि नंबर ०६ नं सुरू होणारा, म्हणजे हरियाणाचा. यांचा एक जुना सहकारी कार्डावरच्या पत्त्यावर जाऊन आला. तिथं झेरॉक्सचं दुकान होतं, त्यांना या फर्मचं नावही माहीत नव्हतं. विम्याचा कागद नीट वाचला, तर त्यावर कुठल्याही विमा कंपनीचं नाव नव्हतं, पॉलिसी नंबर नव्हता. सामानाचा खरा विमा विमा कंपनी काढते आणि पॉलिसी तुमच्या नावावर येते. गाडीवाल्यानं स्वतःच्या लेटरहेडवर ‘रिस्क कव्हर’ लिहून दिलं तर तो विमा नाही.

१९३० वर फोन केला. ऑनलाइन गेलेल्या पैशांसाठी हाच नंबर आहे, पण तो पहिल्या काही तासांत लावला तर पुढच्या खात्यात पैसे अडवता येण्याची आशा असते. आम्ही चार दिवस उशीर केला, खात्यात काही उरलं नव्हतं. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवली. पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी सांगितलं, हे तिकडचं प्रकरण आहे, तिकडे जा. दुसऱ्या दिवशी भाऊजी सोबत आले. गुन्हा कुठंही घडलेला असो, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे कुठल्याही ठाण्यात तो नोंदवता येतो, हे त्यांनी शांतपणे बोलून दाखवलं. मग झिरो एफआयआर झाला. त्यासाठी भांडावं लागलं नाही, फक्त माहीत असावं लागलं.

२९ जानेवारीला दुपारी अनोळखी नंबरवरून फोन. सोलापूरच्या एका गोदामातून. ‘ताई, खोक्यावर तुमचा नंबर लिवलेला हाय म्हणून केला. दहा दिस झाले माल पडून हाय. कुणाचा हाय?’ तो हमाल होता. ‘आजीची भांडी, लातूर’ हे वाचून त्यानं फोन लावला होता.

दुसऱ्या दिवशी हे आणि भाऊजी सोलापूरला गेले तेव्हा सगळा खेळ उलगडला. आमच्या माणसाकडे स्वतःची गाडीच नव्हती. त्यानं आमच्याकडून पैसे घेऊन सामान दिल्लीतल्या एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे पार्ट लोडमध्ये, म्हणजे इतरांच्या मालासोबत एकाच गाडीत, टाकलं होतं, तेही टू-पेवर, म्हणजे भाडं माल सोडवताना घेणाऱ्यानं भरायचं. त्या ट्रान्सपोर्टवाल्याला एक रुपया मिळालेला नव्हता. त्याच्या बिल्टीवर संपर्कासाठी नंबर होता तो त्याच बंद फोनचा. आणि तारीख होती १२ जानेवारी. भोगीच्या दिवशी आरटीओनं ‘पकडलेली’ गाडी आदल्या दिवशीच दिल्लीहून सोलापूरकडे निघालेली होती. जे सोडवायला आम्ही पैसे पाठवले होते ते सामान १९ तारखेपासून आमच्या घरापासून तीन तासांवर पडलेलं होतं.

त्या ट्रान्सपोर्टवाल्याला दोष देणार नाही, त्याचाही माल अडकला होता. १६,५०० भरून पक्की पावती घेतली. सोलापूरहून लातूरला आणायला आयशर ६,५००. सगळं मिळून ७२,५०० गेले. घर बघून ६२,००० सांगणारा माणूस आम्हाला महाग वाटला होता.

आयशर दारात लागली आणि मी एकेक नग मोजून घेतला. ४१ भरले. टीव्ही नाही, शिलाई मशीन नाही, यांचा हत्यारांचा डबा नाही, स्टीलच्या भांड्यांचे दोन बॉक्स नाहीत. आणि बारदानात बांधलेला हंडा नाही. बारदानावर मार्कर उमटत नाही म्हणून लेकीनं त्यावर काही लिहिलं नव्हतं.

तो तांब्याचा हंडा आत्याबाईंच्या माहेरचा. त्यांचं माहेर किल्लारीजवळचं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात घर बसलं तेव्हा भावानं ढिगाऱ्यातून तो काढला होता, काठाला चेमटलेला. आई गेली, वहिनी गेली, हंडा राहिला. रुद्रपूरच्या घरात तो पाणी भरायला कधीच वापरला नाही, पण दर दिवाळीला चिंचेनं घासला जायचा. तो नाही हे मी दोन दिवस सांगितलंच नाही. त्यांनीच विचारलं. मग म्हणाल्या, ‘मोडीत घातला असंल त्यानं. किलोवर.’ आणि गप्प झाल्या. टीव्ही परत घेता येतो. या एका वस्तूसाठी मी त्या माणसाला माफ करू शकत नाही.

आता कामाचं. माल वाहणारा धंदेवाईक वाहतूकदार २००७ च्या रस्ता वाहतूक कायद्याखाली नोंदलेला असावा लागतो, तो नोंदणी क्रमांक मागा. बिल्टीचा फोटो सामान उचलायच्या आदल्या दिवशी मागा, त्यावर फर्मचं तेच नाव, गाडी नंबर, नगांची यादी आणि एकूण रक्कम हवी. पैसे फर्मच्या खात्यावरच टाका. गाडी भरताना नंबर प्लेटचा आणि ड्रायव्हरचा फोटो काढा. दागिने, कागदपत्रं, औषधं आणि ज्याला मोल नाही अशी वस्तू सोबत रेल्वेत घ्या, कितीही जड असो. सामान हरवलं तर त्याच कायद्याप्रमाणे बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत वाहतूकदाराला लेखी नोटीस द्यावी लागते, ती मुदत चुकवू नका. ग्राहक आयोगात तक्रार करायला त्याच्या गावी जावं लागत नाही. २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यात ती करता येते, आणि दिलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर फीही नाही. आम्ही लातूरलाच केली आहे. निकाल यायचा आहे.

आत्याबाई सकाळी आठला ओट्यावर ऊन घ्यायला बसतात. या हिवाळ्यात वाफेचं मशीन दोनदाच लागलं.

परवा माझ्या भाचीचा नोएडाहून फोन आला, तिलाही मे महिन्यात छत्रपती संभाजीनगरला यायचं आहे. तिनं तिघांकडे भाव विचारले होते. तिला म्हटलं, तिघांनाही सांग की गाडी नंबर घातलेली बिल्टी आदल्या दिवशी दाखवा, तरच टोकन. दोघांनी त्यानंतर तिचा फोन उचलला नाही. तिसऱ्यानं संध्याकाळी घरी येऊन सामान मोजलं, सगळ्यात महाग भाव सांगितला आणि आपल्या नोंदणीचा कागद पाठवला. तिनं त्यालाच ठरवलं आहे.