लिंकएमएल बरेच महिने रोज वापरल्यावर: एक स्कीमा, चार फॉरमॅट

आमच्याकडे मातीच्या नमुन्यांचा डेटा असतो. लॅबवाले जेसन पाठवतात, अ‍ॅपवाल्यांना पायथनचे क्लास लागतात, रिपोर्टवाल्यांना एसक्यूएल टेबलं आणि बाहेरच्या संशोधकांना आरडीएफशिवाय, म्हणजे माहिती छोट्या छोट्या विधानांत मांडणाऱ्या फॉरमॅटशिवाय, चालत नाही. एक फील्ड वाढली की चार ठिकाणी हात घालायचा, आणि कुठेतरी एका ठिकाणी राहून जाणार हे ठरलेलं. चार फॉरमॅट एकमेकांत थेट न्यायचे तर बारा कन्व्हर्टर होतात, मधे एक गाभा ठेवला तर आठ, आणि फॉरमॅट वाढतील तसा हा फरक वाढतच जातो.

लिंकएमएल म्हणजे तोच गाभा. क्लास, स्लॉट (म्हणजे फील्ड), एनम (ठरावीक पर्यायांची यादी), टाइप एवढ्यावर उभं असलेलं मेटामॉडेल, म्हणजे मॉडेल कसं लिहायचं ते सांगणारं मॉडेल. स्कीमा, म्हणजे डेटाचा आराखडा, यॅमल या साध्या टेक्स्ट फॉरमॅटमधे लिहायचा आणि बाकीचं जनरेट करायचं. बायोलिंक या जैववैद्यकीय माहितीच्या मॉडेलच्या कामातून हे पुढे आलं, नमुन्यांची माहिती कशी नोंदवायची याचं जीनोमिक स्टँडर्ड्स कन्सॉर्शियमचं मिक्स स्टँडर्डही आता यातच आहे, त्यामुळे नमुन्यांचं काम करणाऱ्यांना बरंच काही तयार मिळतं. आणि त्याचं मेटामॉडेलसुद्धा लिंकएमएलमधेच लिहिलेलं आहे, मला काही अडलं की मी डॉक्युमेंटेशनच्या आधी तेच उघडते.

आता मुद्द्याचं. या भाषांतरात काही ना काही सांडतंच, कारण प्रत्येक टेक्नॉलॉजीचा स्वभाव वेगळा. नमुना किती खोलीवरून घेतला हा स्लॉट आम्ही रिक्वायर्ड ठेवलाय. जेसन स्कीमात तो रिक्वायर्डच्या यादीत जातो, एसक्यूएलमधे नॉट नल होतो, शॅकलमधे, म्हणजे आरडीएफ डेटा तपासायच्या नियमांच्या भाषेत, मिनकाउंट १ (किमान एक हवंच), आणि खोली न भरलेली नोंद तिन्हीकडे अडते. आउलमधे, म्हणजे ऑन्टॉलॉजी (संकल्पना आणि त्यांची नाती) लिहायच्या भाषेत, मात्र त्याच ओळीचा अर्थ होतो की या नमुन्याला खोली आहेच, फक्त आपल्याला अजून कळलेली नाही, आणि त्यावरून निष्कर्ष काढणारा रीझनर हूं की चूं करत नाही. हा बग नाहीये, आउलचा ओपन वर्ल्ड विचारच तसा आहे, पण टीममधल्या नव्या माणसाला हे पहिल्याच दिवशी सांगा, नाहीतर तो आउल फाइल चालली म्हणजे डेटा बरोबर असं धरून चालेल. तपासणीचं काम शॅकलकडे द्या.

दुसरं, यादीचा क्रम. नमुना गोळा करणाऱ्यांची नावं हा मल्टिव्हॅल्यूड, म्हणजे अनेक किमती घेणारा स्लॉट, जेसनमधे अ‍ॅरे होतो, एसक्यूएलमधे वेगळं जोडणारं टेबल, आरडीएफमधे तेवढे ट्रिपल, म्हणजे तीन भागांची विधानं. ट्रिपलना क्रम नसतोच, त्यामुळे जेसनमधून आरडीएफमधे जाऊन परत आलात की पहिलं नाव तिसरं झालेलं दिसू शकतं, आणि पहिलं नाव कोणाचं यावर ज्यांचं श्रेय ठरतं त्यांना ही गोष्ट अजिबात छोटी नाही. आम्ही नाव आणि अनुक्रमांक असा छोटा क्लासच केला, तेव्हा प्रश्न मिटला.

एनमचं मला फार आवडलं. प्रत्येक पर्यायाला मीनिंग म्हणून ऑन्टॉलॉजीतला आयडी देता येतो, मातीला एन्व्हो या पर्यावरणाच्या ऑन्टॉलॉजीमधला मातीचा. जेसन स्कीमात तो आयडी जात नाही, नुसता शब्द उरतो, पण गाभ्यात तो राहतो आणि आरडीएफ काढताना बरोबर बाहेर येतो. म्हणजे एका बाजूला सांडलेलं कायमचं जात नाही, आणि यासाठीच मी हे टूल सोडणार नाही.

त्रास पण आहे. ज्या क्लासला आयडेंटिफायर आहे तो मुद्दाम इनलाइन्ड म्हटल्याशिवाय दुसऱ्या नोंदीच्या आत पूर्ण येत नाही, नुसता संदर्भ येतो, हे अंगवळणी पडायला वेळ लागतो. एनममधे यस-नो असेल तर अवतरणचिन्हात लिहा, यॅमल त्याचं ट्रू-फॉल्स करून टाकतं. जनरेट झालेल्या फाइलला हाताने हात लावायचा नाही हा नियम तर सगळ्यांना पाळावाच लागतो, घाईच्या दिवशी सुद्धा.

उलट दिशेने, म्हणजे जुन्या फाइलमधून स्कीमा काढायला, स्कीमा-ऑटोमेटर आहे. सुरुवातीला बरा पडतो, पण तो डेटा बघून अंदाज करतो, पीएचच्या कॉलममधे योगायोगाने सगळे पूर्णांक असले तर तो इंटिजर ठरू शकतो. म्हणून त्याने काढलेला स्कीमा लॅबमधल्या माणसाला शेजारी बसवून ओळ न् ओळ वाचा, मगच पुढचं जनरेट करा.