काठमांडूचं पशुपतिनाथ: दर्शन पश्चिमेला, कॅमेरा पूर्वतीरावर

पशुपतिनाथाला एकाच फेरीत दर्शन आणि फोटो दोन्ही उरकायला गेलात, तर दोन्ही अर्धवट राहतं. मुख्य प्रांगणात फोटो काढायला सक्त मनाई आहे, आणि ती हवीच. तिथे हिंदूंनाच प्रवेश असतो, पट्ट्या-पाकिटासकट चामड्याची वस्तू चालत नाही. दोघं असाल तर एकानं बाहेर कॅमेरा सांभाळावा, दुसऱ्यानं आत जावं, मग अदलाबदल. नेपाळची वेळ भारताच्या पंधरा मिनिटं पुढे आहे, घड्याळ तसं करून ठेवा; दुपारी दर्शन बंद असतं.

पश्चिम दारासमोर सोनेरी मुलाम्याचा प्रचंड नंदी आहे. गाभाऱ्यात भाविकांना सोडत नाहीत. चार बाजूंच्या चार दारांतून सद्योजात, वामदेव, तत्पुरुष, अघोर अशी पिंडीवरची चार मुखं पाहायची. पिंडीला हात लावायची सवय असेल, तर ती अपेक्षा घेऊन जाऊ नका. रांगेत ढकलाढकली होते, पण पूर्ण प्रदक्षिणा घातल्याशिवाय हे दर्शन पुरं होत नाही.

फोटोंसाठी पूल ओलांडून बागमतीच्या पूर्वतीरावर या आणि पायऱ्या चढा. छोट्या शिवालयांच्या रांगेपलीकडे देवळाची दुमजली सोनेरी छपरं दिसतात. सकाळी ऊन पाठीशी असतं, संध्याकाळी सूर्य देवळामागे जातो आणि हाती फक्त काळी आकृती लागते. डिसेंबर-जानेवारीत मात्र सकाळी धुकं असतं, थोडं थांबावं लागतं. मोबाइलच्या वाइड लेन्सनं देऊळ खेळण्याएवढं येतं, ७०-२०० मिमीची झूम लेन्स हवी. छपराची चकाकी फोटोत पांढरीफटक होते, म्हणून एक्स्पोजर, म्हणजे फोटोत येणारा उजेड, पाऊण स्टॉप (उजेडाचं माप) खाली ठेवा. इथे पोलरायझरचा, म्हणजे चमक कमी करणाऱ्या फिल्टरचा, उपयोग नाही, धातूवरची चमक त्यानं जात नाही.

संध्याकाळची आरती याच तीरावर होते. कॅमेरा भोवतालचा काळोख मोजून उजेड वाढवतो आणि फोटोत दिव्यांच्या ज्योती पांढऱ्याफटक होतात. स्पॉट मीटरिंग (एका ठिपक्यापुरता उजेड मोजणं) ज्योतीजवळ, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १६०० ते ३२००, शटर १/१२५ सेकंद. फ्लॅश नको.

समोरच्या आर्यघाटावर आणि खाली भस्मेश्वर घाटावर चिता जळत असतात. पूर्वतीरावरून लेन्स तिकडे सहज वळते. धूर, पायऱ्या, नदी एवढंच टिपा. रडणाऱ्या माणसांवर झूम करू नका, कोणी अडवत नसलं तरी. साधूंचा फोटो हवा असेल तर दक्षिणा आधी ठरवा, नंतर वाद होतो. माकडं हातातली पिशवी ओढतात. प्रसाद बॅगेत, चेन लावून.

ऑक्टोबर-नोव्हेंबरची स्वच्छ हवा सर्वांत चांगली. महाशिवरात्रीला दर्शनासाठी या, त्या गर्दीत ट्रायपॉड उभा करायलाही जागा मिळणार नाही.