मीटर न लावता बदललेला डायनामो

चालत्या इंजिनावर वीज तयार करून बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरला आमच्याकडे सगळे डायनामोच म्हणतात, म्हणून मीही तोच शब्द वापरतो. गेल्या उन्हाळ्यात आर्णीहून यवतमाळकडे जाणाऱ्या रस्त्यावरील एका गॅरेजमध्ये बॅटरी आणि डायनामो मिळून माझ्याकडून 13,000 रुपये घेतले गेले आणि गाडीतला मूळ दोष जागच्या जागी राहिला. खेड्यात राहणाऱ्या आणि जवळ जे गॅरेज असेल त्यावरच भिस्त ठेवणाऱ्या माझ्यासारख्यांनी सावध व्हावे, यासाठी हे लिहीत आहे.

माझी गाडी 2013 सालची, पेट्रोलवर चालणारी. सकाळी सेल्फ जड फिरायचा, रात्री हेडलाइट पिवळट पडायचे आणि एसीचा पंखा वाढवला की ते आणखी मंद व्हायचे. डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा मात्र चावी फिरवताच लागायचा आणि इंजिन सुरू होताच विझायचा. दिवा विझला म्हणजे चार्जिंग पुरेसे होतेच असे नाही, परंतु डायनामो अगदीच मेलेला नाही, एवढे त्यावरून कळायला हवे होते. आमच्या 45 अंशांच्या उन्हात बॅटऱ्या लवकर बसतात आणि माझी बॅटरी तीन वर्षांची झालेली होती, त्यामुळे ती बदलायला सांगितल्यावर मी 4,500 रुपये देऊन मोकळा झालो. बाराव्या दिवशी शाळेच्या आवारात गाडी पुन्हा उठेना. मुलांनी धक्का मारून ती सुरू करून दिली.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा मिस्त्रीने इंजिन चालू असतानाच बॅटरीचे टर्मिनल काढले. इंजिन दोन झटके देऊन बंद पडले. "सर, डायनामो गेला तुमचा. आता दुसरा टाकाच लागते," असे म्हणून त्याने लगेच पाने काढले. व्होल्टेज मोजणारा मीटर त्याने हातातही घेतला नाही. जुन्या, साध्या गाड्यांवर ही रीत चालून जात असेल. पण इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असलेल्या गाडीत चालू इंजिनवर टर्मिनल काढले की व्होल्टेज एकदम उसळून डायनामोचे व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर आणि इंजिनाचा कंट्रोलर दोन्ही जळू शकतात, आणि इंजिन बंद पडल्याने डायनामोविषयी काहीच सिद्ध होत नाही. 8,500 रुपयांत "नवा" डायनामो बसवला गेला. बिल मागितले तेव्हा कोऱ्या चिठ्ठीवर आकडा लिहून मिळाला, आणि जुना डायनामो मागितला तेव्हा तो कंपनीला परत द्यावा लागतो, असे उत्तर आले.

आठवड्याभरात हेडलाइट पुन्हा पिवळे पडले. या वेळी मी यवतमाळच्या एका वयस्कर ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. त्या काकांनी काहीही खोलण्याआधी मीटर लावला. इंजिन चालू आणि हेडलाइट लावलेले असताना बॅटरीवर 12.6 व्होल्ट भरले, जे साधारण 13.8 ते 14.5 असायला हवे. मग मीटरची एक तार डायनामोच्या मागच्या जाड टर्मिनलवर आणि दुसरी त्याच्याच बॉडीवर टेकवली, तर तिथे 14.2. म्हणजे डायनामो वीज तयार करत होता, ती बॅटरीपर्यंत पोहोचत नव्हती. शेवटी बॅटरीचा ऋण टर्मिनल आणि इंजिनाचा ब्लॉक यांच्यामध्ये मीटर धरला, तेव्हा 1.6 व्होल्ट आले; तिथे 0.2 च्या वर जाऊ नये. बॅटरीच्या ऋण बाजूला इंजिनाशी जोडणारी तारांची पट्टी, म्हणजे अर्थिंगची पट्टी, त्यांनी सोडवून माझ्या तळहातावर ठेवली. नटाखालचे लग, म्हणजे पट्टीच्या टोकाची धातूची कडी, हिरवट भुकटीने भरलेले होते आणि पट्टीचे अर्ध्याहून अधिक तार तुटलेले होते. नवी पट्टी टाकून जागा पॉलिश पेपरने घासल्यावर बॅटरीवर 14.1 आले. मजुरीसह 350 रुपये झाले.

मग काकांनी मला तो "नवा" डायनामो जवळून दाखवला. चंदेरी रंग बोल्टच्या आट्यांवरही चढलेला होता, आणि पुलीच्या खाचा मात्र वापराने गुळगुळीत होऊन चकाकत होत्या. तो रिकंडिशन केलेला, म्हणजे दुरुस्त करून रंगवलेला जुना माल होता. माझा मूळ डायनामो चांगलाच होता असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही, कारण तो तपासायला माझ्या हातात राहिलाच नाही. जुना सुटा भाग परत न देण्यामागचे कारण मला तेव्हा कळले.

डायनामो खरोखरच बिघडतो, हेही तितकेच खरे आहे. आतल्या फिरत्या भागाला वीज देणारे कार्बन झिजतात, डायोड जातो, बेअरिंग घरघरते, बेल्ट सैल होऊन घसरतो. पण यातला बेल्ट डोळ्यांनी दिसतो, कार्बन काही गाड्यांत थोड्या खर्चात बदलता येतात, आणि चार्जिंगचा आकडा मीटरवर दोन मिनिटांत कळतो. त्यामुळे डायनामो उतरवण्याआधी वरचे तीन आकडे तुमच्या डोळ्यांसमोर घ्यायला सांगा, जुना भाग तुमच्या डिकीत ठेवून घ्या आणि वस्तू नवी की रिकंडिशन हे लिहिलेले पक्के बिल घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर मार्गदर्शन मिळते. पण दाखवायला कागद हवा. माझ्याकडे ती कोरी चिठ्ठी आहे, आणि तिच्यावर ना गॅरेजचे नाव आहे, ना तारीख.